बडोद्यात दोन-तीन महिन्यांसाठी घर: फ्लॅट, सर्व्हिस अपार्टमेंट की गावातली खोली?

बडोद्यात घर शोधणारा सगळ्यात आधी भाडं विचारतो. वर्षभर राहायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण कंपनीने विमानतळाजवळच्या नव्या विमान कारखान्यात तीन महिन्यांसाठी धाडलं असेल, युनिव्हर्सिटीत छोटा कोर्स असेल, लेकीचं बाळंतपण असेल किंवा सयाजी हॉस्पिटलात कुणाचे उपचार चालू असतील, तर आधी विचारावं की मधेच निघालो तर किती पैसे बुडतील. माझ्या मते छोट्या मुक्कामाचा निकाल याच उत्तरावर लागतो.

दलाल पहिल्यांदा दाखवतो तो फ्लॅट. वासणा, भायली, गोत्री, समा, मांजलपूर इथे नव्या सोसायट्या भरपूर आहेत. करार बहुतेक 11 महिन्यांचाच असतो, कारण 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि ती यातायात कुणालाच नको असते. ई-स्टॅम्प काढायचा, नोटरीकडे सह्या करायच्या, झालं. (गुजरातेत कागदी स्टॅम्पपेपर 1 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहेत.) पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला हे फार सोपं वाटतं, कारण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो.

सोपं असलं तरी कागद नीट वाचावा, विशेषतः लॉक-इनचं कलम, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडलं तर पैसे बुडतील ही अट. हिशेबापुरतं भाडं 18,000 धरू. दलाली एक महिन्याची, डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि टेम्पो, इंटरनेट, साफसफाई, भाड्याने आणलेला पलंग-गादी मिळून 6,000. दोन महिने राहिलात आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळालं तर एकूण 60,000, म्हणजे महिन्याला 30,000 पडले. करारात सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि मालकाने डिपॉझिट ठेवून घेतलं तर तेच 96,000 होतात. समोर महिना 40,000 चं सर्व्हिस अपार्टमेंट असेल तर 5 टक्के जीएसटीसह दोन महिन्यांचे 84,000. म्हणजे महाग दिसणारी जागा 12,000 ने स्वस्त पडली. आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदलून घ्या, बेरीज मात्र अशीच करा. लॉक-इन काढून एक महिन्याची नोटीस लिहून देणारा मालक भेटला, तर दोन महिन्यांच्या पुढे फ्लॅटला तोड नाही. असे मालक असतात. परदेशात मुलांकडे जाणारी ज्येष्ठ मंडळी चार-सहा महिन्यांसाठी घर बंद ठेवण्यापेक्षा देतात, आणि तिथे भांडी-कुंडी, वॉशिंग मशीन सगळं जागेवर असतं.

एरवी ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे पंखे, कपाटं आणि ओट्याखालची ट्रॉली. पलंग तुम्ही बघायचा.

फ्लॅटबाबत आणखी दोन-तीन गोष्टी. इथे एमजीव्हीसीएलचं विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे आलात त्या दिवशी मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा एसी तुमच्या डिपॉझिटमधून फिरेल. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे. ते ऑनलाइन होतं, पण झालं का ते विचारून पावती मागून घ्या. आणि जाहिरातीत लिहिलेलं असो वा नसो, बऱ्याच सोसायट्यांत मांसाहारी भाडेकरू चालत नाही. मासे खाणाऱ्यांनी हे टोकन देण्याआधीच उघड बोलावं. नंतर लपवाछपवी करत बोंबील तळण्यात काही मजा नाही.

सर्व्हिस अपार्टमेंटं मुख्यतः अलकापुरी, रेसकोर्स, अकोटा, सयाजीगंज या पट्ट्यात. बॅग टेकवायची आणि राहायचं, सोडताना चावी द्यायची. दिवसाचा दर ऐकून घाबरू नका, महिन्याचा दर वेगळा मागा, तो बराच खाली येतो. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. भाडं कंपनी देणार असेल तर सर्व्हिस अपार्टमेंटचं रीतसर बिल ही मोठी सोय, फ्लॅटमालकाकडून पावती काढणं कधी कधी जिवावर येतं. स्वयंपाकघर मात्र डोळ्यांनी बघा. फोटोत ‘किचन’ असतं आणि प्रत्यक्षात एक इंडक्शन आणि किटली. रोज पोळी-भाजी करणाऱ्या घराला ते पुरत नाही. बाळंतिणीला तर नाहीच.

एअरबीएनबीवरचा फ्लॅट या दोन्हींच्या मधला. सोय चांगली, पण लॉक-इन इथेही आहे, फक्त त्याला ते नाव नाही. बुकिंग 28 किंवा जास्त रात्रींचं झालं की दीर्घ मुक्कामाचे वेगळे नियम लागतात आणि मधेच सोडलंत तर साधारण पुढच्या 30 रात्रींचे पैसे परत येत नाहीत. मुक्काम किती लांबेल याची खात्री नसेल तर आधी थोड्या दिवसांचं बुकिंग करून मग वाढवत न्या. सोसायटीला असे पाहुणे चालतात का, हेही मालकाला विचारा. नवरात्रात आणि डिसेंबर-जानेवारीच्या एनआरआय हंगामात दर चढतात, त्यामुळे तेव्हा यायचं असेल तर लवकर ठरवलेलं बरं.

पीजीबद्दल फार बोलायला नको. फतेगंजच्या बाजूला विद्यार्थ्यांसाठी भरपूर आहेत. माणशी महिना 20,000 च्या आत आणि सलग 90 दिवस राहिलात तर त्यावर जीएसटी नाही. कुटुंबाचं ते काम नव्हे.

राहिली गावातली, म्हणजे जुन्या शहरातली खोली. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथे मराठी घरांतून वरचा मजला किंवा मागची खोली अजूनही मिळते, पण कुठल्याही ॲपवर दिसत नाही. देवळात, मंडळात, डबेवाल्या काकूंकडे विचारावं लागतं, आणि ‘कोणाचे कोण’ ही चौकशी होणारच. दलाली नाही, डिपॉझिट असलंच तर महिन्याभराचं, आणि निघायचं झालं तर पंधरा दिवस आधी तोंडी सांगितलं की पुरतं. सयाजी हॉस्पिटलात पेशंट असेल तर मी दुसरीकडे बघणारच नाही, दांडिया बाजारातून डबा घेऊन चालत जाता येतं आणि रात्री-अपरात्री दार उघडायला घरमालकीण असते. त्याबदल्यात जिना उभा, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, रात्री साडेदहानंतर यायचं तर सांगून जायचं. स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ओळखीतली जागा म्हणून पोलिसांची नोंद टाळू मात्र नका.

जून ते सप्टेंबरमध्ये येत असाल तर या सगळ्याआधी मजला बघा. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा या भागांतल्या सोसायट्यांत शिरलं. तळमजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर दलालाला नको, वॉचमनला विचारा की 2024 ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. बेसमेंटमधलं पार्किंगही त्याच मापाने मोजा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, थोड्या पावसातही तुंबतं, तेव्हा कचेरी स्टेशनच्या पूर्वेला असेल तर घरही रुळांच्या त्याच बाजूला घ्या.