कोशर स्वयंपाकघरासाठी पाच पुस्तकं: कुठे काय बदलायचं

कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्या घरात स्वयंपाकाचं पुस्तक घेताना मुखपृष्ठावर ‘कोशर’ लिहिलंय की नाही, यावर फारसं अवलंबून नसतं. डुक्कर आणि कोळंबीच्या पाककृती सोडून देणं सोपं असतं. अडतं ते लोणी, क्रीम आणि चीजपाशी, कारण मांसाच्या पदार्थात ते घालता येत नाही. म्हणून प्रत्येक पाककृतीत दूध नेमकं काय काम करतंय ते आधी बघावं. नुसता स्निग्धपणा देत असेल तर तेलावर भागतं. पदार्थ त्याच्यावरच उभा असेल, तर तो दुधाच्या जेवणासाठी राखून ठेवावा.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डेबोरा मॅडिसन यांचं ‘व्हेजिटेरियन कुकिंग फॉर एव्हरीवन’ (१९९७) घ्यावं. चौदाशे पाककृती, सगळ्या शाकाहारी, त्यामुळे पातेल्यात मांस आणि दूध एकत्र येण्याची भीतीच नाही. घेतल्याबरोबर पेन्सिलीने प्रत्येक पाककृतीशेजारी ‘दूध’ किंवा ‘पारेव्ह’ अशी खूण करून टाकावी. पारेव्ह म्हणजे ज्यात दूधही नाही आणि मांसही नाही, दोन्ही जेवणांना चालणारं. तेलात केलेली कडधान्यांची सुपं मांसाच्या जेवणालाही वाढता येतात, मात्र भांडं दुधाचं नको. लोणी काढून तेल घालताना समान माप घेऊ नये: १०० ग्रॅम लोण्यात स्निग्धांश साधारण ८० ग्रॅमच असतो, बाकी बहुतेक पाणी. केकमध्ये ८० ग्रॅम तेल आणि चमचाभर पाणी ठीक बसतं. पापुद्र्यांच्या पेस्ट्रीत मात्र हा हिशेब कोसळतो, कारण तिथे घट्ट लोण्याचे थरच कणकेला वेगळं ठेवतात. चीज असलेल्या पाककृतींसाठी कोशर प्रमाणित चीजच लागेल, कारण ते घट्ट करायला वापरलेलं रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं. आणि पालेभाजी धुतली म्हणजे झालं असं नाही, पान पान उलटून किडे तपासायचा वेळ वेगळा धरावा.

तंत्र शिकायला सामीन नुसरत यांचं ‘सॉल्ट फॅट ॲसिड हीट’ (२०१७) उत्तम आहे, पण कोशर घरात याच पुस्तकातल्या मिठाने सगळ्यात जास्त फसगत होते. कोशर मांस रक्त निघून जावं म्हणून अर्धा तास भिजवून, तासभर मीठ लावून, मग तीनदा धुतलेलं असतं. म्हणजे ते आधीच थोडं खारट असतं. पुस्तक सांगतं तसं आदल्या दिवशी पुन्हा मीठ चोळलं की चिकन तोंडात घालवत नाही. निम्म्या मिठाने सुरुवात करावी आणि रस्सा चाखून वाढवावं. त्यात मिठाचा प्रकारही बघावा लागतो: बारीक मिठाचा एक चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, तर लेखिकेच्या आवडीच्या डायमंड क्रिस्टल कोशर मिठाचा जेमतेम ३ ग्रॅम. यातलं ‘कोशर’ हे नाव मांसाला लावण्याच्या जाड खड्यांवरून पडलं. साधं मीठही कोशरच असतं.

याच पुस्तकातलं ताकात भिजवून भाजलेलं चिकन फार गाजलं, पण ते कोशर घरात करता येत नाही. दोन कप घट्ट नारळाच्या दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून चिकन रात्रभर ठेवलं तर मऊपणा बराचसा मिळतो. ताकातल्या साखरेमुळे येणारा तो गडद रंग तेवढा येत नाही, म्हणून शेवटची दहा मिनिटं आच वाढवावी. बदामाचं दूध मांसाला वापरताना सोबत बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होत नाही, असं ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथावरची रेमा यांची टीप सांगते. नारळाच्या दुधालाही पुष्कळ जण हाच नियम लावतात आणि डबा टेबलावरच ठेवतात.

मार्सेला हझान यांचं ‘इसेन्शियल्स ऑफ क्लासिक इटालियन कुकिंग’ (१९९२) दुधाच्या दिवसांसाठी ठेवण्याजोगं आहे. दोन कप टोमॅटो, पाच मोठे चमचे लोणी आणि अर्धा केलेला एक कांदा, पाऊण तास मंद आचेवर. या सॉसला पर्याय नाही. लोण्याऐवजी तेल घातलं तर तेल वर तरंगतं आणि टोमॅटोचा आंबटपणा उघडा पडतो. बोलोन्येज हा खिम्याचा सॉस मात्र सोडून द्यावा. त्यातलं दूध खिम्याला टोमॅटोच्या आंबटपणापासून वाचवतं, आणि दूध काढल्यावर उरतो तो साधा खिम्याचा सॉस.

बदलाबदलीचा कंटाळा आलेल्यांनी क्लॉडिया रोडेन यांचं ‘द बुक ऑफ ज्यूइश फूड’ उघडावं. त्यातला सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंचा, भाग विशेष. मांस तेलातच शिजतं, लोणी मुळात नसतंच, त्यामुळे काढायला काही उरत नाही. शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, कांद्याच्या सालींसोबत रात्रभर मंद आचेवर ठेवलेली हामिन अंडी एकदा तरी करावीतच. बलक साईसारखा मऊ होतो.

नियम एका ठिकाणी हवे असतील तर ‘स्पाइस अँड स्पिरिट’ (१९९०). मार्गारीनचा भर आता जुना वाटतो, पण ‘हल्ला’ (पाव करताना कणकेतून विधी म्हणून काढायचा तुकडा) वेगळी काढण्याबद्दल किंवा सणांबद्दल शंका आली की हेच हाताशी लागतं. हल्ल्याचं एक माप तर पाठच असावं: पीठ साधारण १.२ किलो किंवा जास्त असेल तर तुकडा काढायचा, आणि १.६७ किलोच्या आसपास किंवा जास्त असेल तर आशीर्वादही म्हणायचा. आकड्यांत मतभेद आहेत, आपल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, विचारून घ्यावं.

कलेजीच्या बाबतीत तर सर्वसाधारण पुस्तकं हटकून चुकवतात. ती थेट तव्यावर परतायला सांगतात. कलेजीत रक्त इतकं असतं की नुसत्या मिठाने निघत नाही. चिरा पाडून, मीठ भुरभुरून ती उघड्या आचेवर भाजावीच लागते, रक्त खाली गळून जाईल अशी. त्यानंतर कांद्यात एखादं मिनिटच परतावी, ती आधीच शिजलेली असते. जास्त ठेवली की चिवट होते.