अ‍ॅम्बेसेडर 1489 चे हेड स्टड, नऊ महिन्यांनंतर: आधी वॉशर बघा

तिसऱ्या महिन्यात हेड गॅस्केटच्या कडेने पाणी पाझरायला लागलं तेव्हा या स्टडच्या संचाला (इंजिनाचं हेड ब्लॉकवर दाबून धरणारे आटेदार दांडे) दोन स्टार दिले होते. आज चार देतोय. पाचवा वॉशरपायी कापलाय.

गाडी ठाण्यातली, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तापणारी. इंजिन बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, 1489 सीसी पेट्रोल. इसुझू इंजिनाला यातलं काही लागू नाही. संचात 11 स्टड, 7 आखूड आणि 4 लांब. लांब चार रॉकरच्या पेडेस्टलमधून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा दांडा पेलणारे ठोकळे) जातात. त्यामुळे नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी आधी इंजिनातलं पाणी काढून टाकून मग सगळे हेड नट थोडे थोडे ढिले करावे लागतात.

नटाकडचा आटा 3/8 इंची यूएनएफ (अमेरिकी मापाचा बारीक आटा), इंचाला 24. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘3/8 बारीक आटा’ म्हणाल तर बीएसएफ (जुना ब्रिटिश बारीक आटा) हातात पडू शकतो: इंचाला 20 आटे, कोनही 55 अंशांचा, आपल्याला हवा 60 चा. एम 10 चा बारीक आट्याचा नट त्याहून फसवा. दोन-तीन फेरे बिनबोभाट चढतो आणि टॉर्क (पान्याने मोजून दिलेला पीळ) देताना आटे खातो. नट दुकानातच बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा.

आता वॉशर. पाझर दिसल्यावर दोष स्टडच्या पोलादाला दिला होता, ते चुकलं. हेड उतरवून स्टडची लांबी बसवण्याआधी टिपलेल्या मापाशी ताडली, काडीचा फरक नव्हता. वॉशर मात्र नटाखाली गोल दबले होते आणि कडा वर आल्या होत्या, अगदी ताटलीसारख्या. टॉर्क दिल्यावर एवढा स्टड ताणतो तो जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास. वॉशर त्याच्या पाचव्या हिश्शाइतका जरी दबला तरी तेवढी पकड गेली. शिवाय त्यांचं भोक एम 10 चं, साडेदहा मिलिमीटर. साडेनऊच्या स्टडवर ते एका बाजूला सरकून बसतात.

कानशीच्या परीक्षेवर विसंबू नका. चांगली कानस मऊ वॉशरला चावते, तशी पुरेशा कडक वॉशरलाही चावते.  दुकानात 300 एचव्हीचे (एचव्ही म्हणजे कडकपणाचं विकर्स माप) मागा, भोक 3/8 इंची स्टडचं. अकरा कडक वॉशर घेऊन तेच स्टड, तेच नट परत वापरले. सहा महिने थेंब नाही. नव्या गॅस्केटचे आणि दुसऱ्यांदा हेड उतरवण्याचे पैसे मात्र फुकट गेले, आणि विकणारा म्हणतो ‘वॉशर सगळे सारखेच’. हे मला अजिबात पटत नाही.

बसवताना स्टड ब्लॉकमध्ये हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. भोकाभोवतीचा धातू जुन्या ताणाने वर आलेला असतो. तो हलका घासला नाही तर गॅस्केट सपाट बसत नाही. आट्यांना आणि नटाच्या बुडाला इंजिन ऑइल लावा. मधून बाहेर जात तीन टप्प्यांत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत या. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झालं की पुन्हा टॉर्क, 500 किलोमीटरनंतर आणखी एकदा. दर वेळी टॅपेटचा गॅपही (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघा, कारण हेड खाली दबलं की तो कमी होतो.