सुट्टीच्या दिवशी छोटा प्रोजेक्टर: दिवसभर उपयोगी, चित्रपटाला अपुरा

घरी चित्रपट पाहण्यासाठी म्हणून विकला जाणारा हा छोटा प्रोजेक्टर सुट्टीच्या दिवसातली बाकी सगळी कामे नीट करतो आणि नेमका चित्रपटच त्याला झेपत नाही, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. एलईडी दिवा आणि एकच एलसीडी पॅनेल (दिव्याचा प्रकाश हवा तिथे अडवून चित्र तयार करणारी काच) असलेल्या, एका हातात मावणाऱ्या अशा प्रोजेक्टरांची रचना बहुतेक सारखीच असते, त्यामुळे पुढील तक्रारी एकाच कंपनीपुरत्या नाहीत आणि म्हणून कंपनीचे नावही देत नाही.

आधी जमेची बाजू. सकाळी पडदे ओढून घेऊन व्यायामाचा व्हिडिओ भिंतीवर लावला, तर शिकवणाऱ्याचे हात-पाय कुठे आहेत ते व्यवस्थित दिसते आणि त्या कामाला तेवढे पुरते. दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना एखादी मुलाखत लावून ठेवली, तर चित्र फिकट असल्याचे कुणाला जाणवतही नाही, कारण नजर अधूनमधूनच वर जाते. खरी मजा आली ती फोटोंना. पेन ड्राइव्हवर साठवलेले जुने फोटो भिंतीवर मोठे करून पाहताना घरातली सगळी माणसे एकाच चित्राकडे एकाच वेळी पाहतात, कुणी उठून भिंतीवर बोट ठेवून ‘हा मागे उभा असलेला कोण?’ असे विचारते आणि मग पुढचा फोटो लागायला बराच वेळ जातो. फोटो बहुधा उजेडात काढलेले असतात, त्यामुळे या यंत्राची दुबळी बाजू तिथे उघडी पडत नाही.

ती उघडी पडली रात्री. दिवे घालवले, भिंतीवर 100 इंची चित्र उभे केले आणि बहुतांश रात्रीतच घडणारा एक रहस्यपट लावला. काळ्या कोटातला माणूस अंधाऱ्या जिन्यावरून उतरतो असा एक प्रसंग त्यात होता. आमच्या भिंतीवर मात्र फक्त त्याची पांढरी कॉलर आणि हातातली बॅटरी जिना उतरली. खून झाला तेव्हा तो कुणाचा झाला यावर घरात दोन मते पडली, आणि मध्यंतरापर्यंत अर्धी मंडळी झोपायला गेली होती.

याचे मूळ खोक्यावरच्या आकड्यात आहे. समोर ठळक अक्षरांत 9000 ल्युमेन्स (प्रकाश मोजण्याचे एकक) छापलेले असतात, परंतु आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत 200 अ‍ॅन्सी ल्युमेन्स असे लिहिलेले सापडते; अ‍ॅन्सी हे अमेरिकेतल्या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे लघुनाव. अ‍ॅन्सी पद्धतीत पडद्याचे 9 समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर पडणारा प्रकाश मोजतात, त्याची सरासरी काढतात आणि ती पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणतात. म्हणजे लेन्समधून बाहेर पडून पडद्यापर्यंत खरोखर पोचलेला प्रकाश तेवढाच धरला जातो. मोठा आकडा कशावरून काढला आहे, याचा खोक्यावर कुठेच उल्लेख नाही, तेव्हा त्याला जाहिरातीपलीकडे अर्थ नाही. आता हे 200 ल्युमेन्स 100 इंची चित्रावर, म्हणजे सुमारे पावणेतीन चौरस मीटरवर पसरले, तर साध्या पांढऱ्या पृष्ठभागावर चित्राची तेजस्विता 23 निट्सच्या (निट हे पृष्ठभागाचा उजळपणा मोजण्याचे एकक) आसपास येते, आणि डिजिटल चित्रपटगृहांसाठी ठरलेले प्रमाण 48 निट्स आहे. चित्र 70 इंचांवर आणले की हाच आकडा 47 च्या जवळ जातो. तेव्हा ज्यांच्याकडे हे यंत्र आधीच आहे, त्यांनी खोक्यावरच्या भिंतभर चित्राचा मोह सोडून ते भिंतीच्या जवळ आणावे. फरक लगेच दिसतो.

मात्र चित्र लहान केल्याने काळा रंग काळा होत नाही. एलसीडी पॅनेल प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नाही, त्यामुळे भिंतीवर काळ्याच्या जागी राखाडी पडते. रुंद चौकटीच्या, 2.39 : 1 प्रमाणातल्या चित्रपटात 16 : 9 पॅनेलचा जवळजवळ पाव भाग वरच्या आणि खालच्या काळ्या पट्ट्यांत जातो, आणि या यंत्रावर त्या पट्ट्या चित्रपटभर मंद उजळत राहतात. प्रोजेक्टर तिरपा ठेवून चित्र चौकोनी करून देणारी सोयही पदरमोड करूनच मिळते, कारण ती पॅनेलच्या आतच चित्र आक्रसून सरळ करते आणि कडेचे पिक्सेल वाया घालवते. शिवाय पॅनेल मुळात 1280 × 720 पिक्सेलचे; ‘1080पी सपोर्ट’ याचा अर्थ 1080 ओळींचा अधिक बारीक व्हिडिओ यंत्र स्वीकारते एवढाच.

आवाजाची तक्रार वेगळी आहे. आतला स्पीकर पंख्याच्या घरघरीशी झुंजत असल्यामुळे कुजबुजीतले संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला, तर ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 125 मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, तर तो पुढे गेला तर 45 मिलिसेकंदांतच जाणवते. प्रत्यक्ष जगात आवाज प्रकाशाच्या मागूनच येत असल्यामुळे आपण उशीर अधिक सहन करतो, असे याचे एक कारण सांगितले जाते. साध्या ब्लूटूथ जोडणीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सुदैवाने यंत्राला हेडफोनचे भोक आहे, आणि तिथून वायरने स्पीकर जोडल्यावर ही अडचण पूर्णपणे मिटली.

मोबाइलवरून चित्रपट भिंतीवर घेण्याचा प्रयत्नही करून पाहिला. काही अ‍ॅपमधून आवाज आला आणि चित्राच्या जागी काळी चौकट आली, कारण नक्कल रोखणारे संरक्षण अशा जोडणीला चित्र देतच नाही. प्रमाणित नसलेल्या उपकरणावर हीच अ‍ॅप अनेकदा 480पी दर्जाचेच चित्र देतात, हेही घेण्यापूर्वी विचारात घ्यावे.

फोटो, व्यायाम आणि मुलांची कार्टून यांसाठी घ्यायचा असेल, तर हा प्रोजेक्टर वाईट नाही. टीव्ही असलेल्या घराने तो चित्रपटांसाठी घेऊ नये. तरीही घ्यायचाच असेल, तर दुकानात दाखवतात तो फुलांचा आणि समुद्राचा झगमगीत व्हिडिओ बाजूला ठेवायला सांगावा, दिवे घालवून एखाद्या चित्रपटाची शेवटची श्रेयनामावली लावायला सांगावी आणि पांढऱ्या अक्षरांमागची भिंत किती उजळते, ते नीट पाहावे.