कारवान कुत्रीसाठी घेतलेले बूट : उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे हरणी नावाची तीन वर्षांची कारवान कुत्री आहे. लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या मुधोळच्या परिसरात ही शिकारी जात पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या रानात सशांमागे धावत आली आहे. पुण्यात राहणाऱ्या कारवानच्या पायाखाली मात्र डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक येतात, आणि धावण्याची ओढ काही कमी होत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्यासाठी चार बुटांचा एक संच घेतला. तळ रबरी, वरचे कापड जाळीचे, घोट्यापाशी वेल्क्रोचा पट्टा, किंमत दीड ते दोन हजारांच्या दरम्यान. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीनंतरची थंडी अशा तिन्ही हवामानांत ते वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

बूट का लागले, ते आधी सांगते. कुत्र्याच्या पंजाखाली बोटांच्या चार लहान गाद्या आणि मध्ये एक मोठी गादी असते. गादीवरची कातडी अंगावरच्या इतर कुठल्याही कातडीपेक्षा जाड असते आणि तिच्या आत चरबीचा थर असतो. निरोगी गादीवर बारीक शंकूसारखे उंचवटे असतात, म्हणून ती बोटाला खरखरीत लागते. जानेवारीत हरणीच्या पुढच्या पायांची मधली दोन बोटे तपासली, तेव्हा तिथल्या गाद्या पुढच्या कडेला काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, नखांची टोके घासून चपटी झाली होती आणि उजव्या पायाच्या मोठ्या गादीच्या मागच्या कडेला एक गुलाबी, ओलसर चट्टा दिसत होता. ती लंगडत नव्हती. खरी अडचण हीच आहे. उत्साही कुत्रे चेंडू हवेत असेपर्यंत दुखणे दाखवत नाही, त्यामुळे कुठे थांबायचे हे ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. पशुवैद्यांनी जखम पाहून सांगितले की गादीची कातडी पुन्हा तयार होते, पण प्रत्येक पावलाला तिच्यावर भार पडत असल्याने भरून यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस तिला फक्त मातीवर, पट्टा लावून, चालत फिरवले. बुटांचा विचार त्यानंतर सुरू झाला.

पहिला प्रश्न मापाचा होता, आणि या सगळ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला. विक्रेत्याच्या तक्त्यात वजनावरून माप दिलेले होते. लॅब्रेडॉरसाठी ते कदाचित चालत असेल, पण कारवानचा पंजा सशाच्या पंजासारखा लांबट आणि अरुंद असतो. वजनावरून निवडलेला बूट तिला रुंदीला सैल आणि लांबीला आखूड झाला असता. त्यामुळे पंजा कागदावर ठेवून, त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचा पाय हलकेच वर धरला, म्हणजे भार येऊन बोटे पूर्ण पसरली, आणि मग दोन्ही कडांना पेन्सिलीने खूण केली. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात. एकाच मापाचे चार बूट घेतले की मागचे दोन हमखास निसटतात, ते यामुळेच. ज्या दुकानात जोड्या वेगवेगळ्या मापांत मिळतात, तिथूनच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही पुढची जोडी एक माप मोठी घेतली.

पट्टा कुठे बसतो याकडेही बारकाईने पाहावे लागते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा खाली, जमिनीला न टेकणारे एक नख असते. पट्टा त्याच्यावर आला की आतल्या आत घासून कातडी सोलली जाते, आणि केसांमुळे ते बाहेरून दिसतही नाही. आमच्या बुटांचा पट्टा त्या नखाच्या बरोबर खाली बसतो, तरी पहिल्या आठवड्यात रोज बूट काढल्यावर तिथले केस मागे सारून पाहत असू. एप्रिलमध्ये एकदा तिथे लाली दिसली, तेव्हापासून त्या जागी लहान मुलांच्या सुती मोज्याचा कापलेला तुकडा चढवते आणि त्यावर पट्टा लावते. पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकली पाहिजे. त्याहून घट्ट केला तर पंजाला सूज येऊ शकते, म्हणून तासाभरापेक्षा जास्त वेळ बूट पायात ठेवत नाही.

सवय लावणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. आधी घरात फक्त पुढचे दोन, तेही जेवणाच्या वाटीपर्यंत जाण्यापुरते, मग चारही, मग जिन्यावरून खाली. पहिले काही दिवस ती पाय उंच उचलून चालायची, आणि मला वाटते ते स्वाभाविकच आहे, कारण पंजाखालून जमिनीची जी जाणीव तिला सतत मिळत असते ती अचानक बंद होते. मार्चच्या मध्यापर्यंत चाल सरळ झाली.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण या बुटांचे पैसे तिथेच वसूल झाले. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास पोहोचतो आणि उन्हातले डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. घरातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले तेव्हा दुपारी आमच्या गल्लीतले डांबर ५५ अंशांच्या वर होते, शेजारची सावलीतली माती ३५ च्या घरात होती, आणि संध्याकाळी हवा निवल्यावरही डांबर ४० च्या खाली उतरलेले नव्हते. संध्याकाळचा हा आकडा महत्त्वाचा आहे. ऊन गेले म्हणून लोक निर्धास्तपणे कुत्र्याला बाहेर काढतात, पण रस्त्याने साठवलेली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. थर्मामीटर नसेल तर तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ५ ते ७ सेकंद टेकवून पाहावी. हात ठेवता येत नसेल तर तो रस्ता उघड्या पंजांसाठी नाही. आमच्या फाटकापासून मैदानापर्यंत डांबराचा एक पट्टा ओलांडावाच लागतो, तेवढ्यापुरते बूट घालायचे आणि मैदानावर काढायचे, असा क्रम आम्ही पूर्ण उन्हाळा ठेवला. एकदाही फोड आला नाही, गादी काळवंडली नाही की सोलली नाही.

यातला धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. बूट पायांचे रक्षण करतात, उष्माघातापासून नाही. कुत्र्याला घाम फुटतो तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांतून, पण अंगाची उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे खरे साधन म्हणजे धापा टाकणे, आणि गरम हवेत ते साधनही अपुरे पडते. पाय भाजत नाहीत म्हणून सकाळी दहा वाजता जोरात धावायला नेणे म्हणजे पंजे वाचवून जीव धोक्यात घालणे होय. आमच्याकडे उन्हाळ्यात धावणे सूर्योदयाच्या सुमारास होते.

कठीण जमिनीवरच्या धावण्याबाबतही माझे मत आता पक्के झाले आहे. बुटांचा तळ गादीची झीज थांबवतो, हे खरे. काँक्रीटवर लयीत दुडक्या चालीने माझ्याबरोबर धावताना ते उत्तम काम देतात. पूर्ण वेगात मात्र देत नाहीत. कारवान भरधाव धावते तेव्हा एका झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, आणि वळण घेताना पुढच्या पायांच्या मधल्या बोटांवर प्रचंड जोर येतो. त्या क्षणी पंजा बुटाच्या आत फिरतो आणि मागचा बूट तर सरळ उडून जातो. शिवाय मनगटाला, खांद्याला बसणारा हादरा एवढ्याशा रबराने फारसा कमी होत नाही. चेंडू फेकणे आम्ही काँक्रीटवर कायमचे बंद केले. ते आता फक्त मातीच्या मैदानावर, तेही उघड्या पायांनी.

पावसाळ्यात बूट जवळजवळ निरुपयोगी ठरले. जाळीच्या कापडातून पाणी आत जाते आणि रबरी तळामुळे बाहेर पडत नाही. अर्ध्या तासाने बोटांमधली कातडी पांढरट, भिजलेली होते, आणि अशा ओलाव्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. जूनच्या अखेरीस तिने बोटांमध्ये सतत चाटायला सुरुवात केली, तेव्हाच बूट धुऊन, वाळवून कपाटात ठेवले. पण ओली गादी मऊ पडते आणि खरबरीत काँक्रीटवर कोरड्या गादीपेक्षा लवकर झिजते, त्यामुळे पावसाळ्यात फेऱ्या लहान ठेवल्या आणि घरी आल्यावर प्रत्येक बोटाच्या फटीत टॉवेल घालून पाय कोरडे केले. फुग्यासारखे पातळ रबरी बूट याच काळात एकदा आणून पाहिले. ते ओल्या फरशीवर घट्ट पकड देतात आणि कुत्र्याला जमीन जाणवते, पण चढवताना फार झटापट होते, नखाने लगेच फाटतात आणि गिट्टीपासून काहीही संरक्षण देत नाहीत.

दिवाळीनंतर वेताळ टेकडीवर जाणे पुन्हा सुरू झाले आणि बुटांचा एक वेगळाच उपयोग कळला. त्या दिवसांत टेकडीवरचे कुसळी गवत वाळलेले असते. त्याची टोकदार कुसळे बोटांच्या फटीत शिरून आत सरकत जातात आणि तिथे गळू होऊ शकते. बूट घातलेल्या फेऱ्यांत बोटांमध्ये एकही कुसळ सापडले नाही. वेल्क्रो मात्र कुसळांनी आणि केसांनी भरून जातो आणि पकड सोडतो. जुन्या कंगव्याने तो दर फेरीनंतर साफ करावा लागतो.

मेणाच्या बामबद्दल थोडेच लिहिते. मधमाशांच्या मेणाचा बाम रात्री लावल्याने गादीच्या भेगाळलेल्या कडा नक्कीच मऊ झाल्या. तापलेल्या डांबरापासून तो संरक्षण देतो, हा दावा मात्र मला पटत नाही. थर फार पातळ असतो आणि त्यावर धूळ चिकटते. रोज भरपूर लावू नये, कारण गादी जास्त मऊ होणेही चांगले नाही. माणसांसाठीची वेदनाशामक जेल तर पंजाला कधीही लावू नयेत. कुत्रे पाय चाटते, आणि डायक्लोफिनॅकसारखे औषध त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

टिकाऊपणाबाबत समाधान मर्यादित आहे. पुढच्या दोन्ही बुटांच्या टोकाची शिवण ऑगस्टपूर्वीच उसवली होती. मोच्याकडून ती दुहेरी करून घेतली. नंतर आतून नखाने कापड घासून डाव्या बुटाला भोक पडले. नखे दर दोन आठवड्यांनी कापायला लागल्यापासून उरलेले कापड टिकून आहे. मागचे बूट अजून जवळजवळ नवे आहेत. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामागे ८ कापडी बुटी बाळगण्याचा नियम आहे. तिथे हजारो कुत्र्यांच्या पायांचा अनुभव असलेले लोकही बूट ही झिजणारी, बदलायची वस्तू आहे असे धरूनच चालतात. एकच महाग संच जपून वापरण्याऐवजी एखादी जास्तीची जोडी घरात ठेवणे मला आता अधिक शहाणपणाचे वाटते.

येत्या फेब्रुवारीत पुन्हा खरेदी करणार आहे, पण फक्त पुढच्या पायांची जोडी, टोकाला रबराचे वेष्टन असलेली आणि एका पट्ट्याऐवजी दोन पट्ट्यांची. मागचे जुने बूट तापलेले डांबर ओलांडण्यापुरते आणखी एक उन्हाळा सहज काढतील.