झूम केलेला पडदा आणि जॉन कार्पेंटर

सांगलीत विश्रामबागेकडे तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे एक छोटे खासगी चित्रगृह आहे. एरवी तिथे वाढदिवस साजरे होतात, आणि आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही आदल्या रात्रीचे दोन फुगे दारावर लोंबत होते. आम्ही सहा जणांनी लागोपाठ तीन रविवार तीन-तीन तासांसाठी ते घेतले आणि जॉन कार्पेंटर या अमेरिकी दिग्दर्शकाचे तीन चित्रपट क्रमाने पाहिले. डिस्क आमच्या होत्या, पडदा आणि आवाज त्यांचा.

पहिला अर्थातच १९७८ सालचा ‘हॅलोविन’. जेमतेम तीन लाख डॉलरांच्या आसपास खर्चात केलेल्या या चित्रपटात मारेकऱ्याचा चेहरा म्हणून दुकानात मिळणारा तयार मुखवटा पांढरा रंगवून वापरला होता. पण इतक्या काटकसरीतही कार्पेंटरने रुंद चौकटीचा, म्हणजे उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंदीचा, हट्ट सोडला नाही, कारण धोका मधोमध न दाखवता कडेच्या अंधारात उभा करणे ही त्याची पद्धत आहे. इथे मात्र श्रेयनामावलीतच डावीकडचा पेटता भोपळा अर्धा कापला गेला आणि उजवीकडच्या नावांची शेवटची अक्षरे नाहीशी झाली. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, “काका, वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक तक्रार करतात, म्हणून झूम करूनच ठेवतो.” त्याने पाच मिनिटांत चौकट पूर्ववत केली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. नाहीतर नायिका भिंतीला टेकून हुंदके देते आणि शेजारच्या अंधाऱ्या दारातून तो पांढरा मुखवटा हळूहळू उजळत येतो, त्या प्रसंगाची अर्धी भीती कापली गेली असती.

आवाज मात्र पहिल्याच दिवशी उत्तम लागला. ‘हॅलोविन’चे संगीत कार्पेंटरचे स्वतःचे आहे, वडील संगीताचे प्राध्यापक, आणि पाचाच्या ठेक्याची ओळख त्यांनीच लहानपणी करून दिलेली. आमच्यातला एक जण मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्या घरातला. तो अंधारात बोटांवर मोजत राहिला आणि मध्यंतरात भडंग खाता खाता म्हणाला की दहा मात्रा झपतालासारख्याच आहेत, पण विभाग दोन-तीन-दोन-तीन नसून तीन-तीन-दोन-दोन असे पडतात, म्हणून समेवर येऊनही पाय जमिनीला लागल्यासारखा वाटत नाही. या संगीतावर इतके नेमके भाष्य माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

दुसऱ्या रविवारी ‘द थिंग’ लावला आणि चौकट पुन्हा झूम केलेली होती. या खेपेस संगीत एन्नियो मोरिकोने यांचे. त्यातल्या खर्जातल्या ठोक्यांनी छताचे पत्रे थरथरू लागले, तेव्हा आवाज दोन घरे खाली आणावा लागला. माणसाचे हुबेहूब रूप घेणारा परग्रहावरचा जीव अंटार्क्टिकावरच्या तळात शिरलेला असतो; तिथे अडकलेल्या माणसांपैकी खरा माणूस कोण, हे ठरवायला तापवलेली तार एकेकाच्या रक्ताच्या बशीत बुडवली जाते, त्या प्रसंगात सहाही जण खुर्चीच्या कडेवर होतो. १९८२च्या जूनमध्ये ‘ई.टी.’नंतर दोनच आठवड्यांनी आलेला हा चित्रपट समीक्षकांनी झोडपला आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली; प्रेमळ परग्रहवासीयावर जीव जडलेल्या लोकांना हा दुसरा पाहुणा कसा रुचावा? आज तोच त्याचा सर्वोत्कृष्ट चित्रपट मानला जातो, आणि माझेही मत तेच आहे.

तिसरा, १९८८चा ‘दे लिव्ह’, काळा चष्मा घातल्यावर जाहिरातींमागचे हुकूम दिसण्याच्या कल्पनेवर चालतो. कल्पना झकास, मारामारी मात्र फार लांबते. इथे पडद्यावरचा काळा रंग करडा दिसला, कारण दारावरचा दिवा विझवता येत नाही.

खुर्च्या आरामशीर आहेत, वातानुकूलन जरा जास्तच थंड आहे, आणि स्वच्छतागृह स्वच्छ आहे. पुढच्या रविवारी ‘द फॉग’ ठरला आहे. नोंदणी करतानाच झूम बंद ठेवण्याचे दोनदा सांगितले आहे.