ब्रेक सोडवला नाही, काढून टाकला: होडीच्या ट्रेलरवर झालेली माझी फसवणूक

होडीच्या ट्रेलरचा जाम झालेला ब्रेक मोकळा करून देतो, असे सांगून एका माणसाने माझ्याकडून पैसे घेतले आणि ट्रेलरला ब्रेकच उरणार नाही अशी व्यवस्था करून तो निघून गेला. हे कुणाला सांगायला मला जवळजवळ तीन महिने लागले. सुरुवातीला मी घरीही अर्धीच हकीकत सांगितली होती, कारण रकमेचा आकडा उच्चारण्याचीच लाज वाटत होती. आता लिहितो आहे ते एवढ्यासाठी की ज्या दिवशी मी फसलो, त्या दिवशी तो माणूस दुसऱ्या कामाची वेळ फोनवर ठरवत होता.

चाक जाम का झाले, याची जबाबदारी माझी आहे आणि ती मी नाकारत नाही. खाऱ्या पाण्यातून होडी बाहेर काढल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुतला होता, पण ब्रेकच्या ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्याच्या, आत पाणी पोहोचेल इतका नाही. त्यानंतर हँडब्रेक ओढलेल्या स्थितीत तो चार महिने उभा राहिला. लायनर, म्हणजे घासून चाक अडवणारे अस्तर, ड्रमला टेकलेले, मध्ये मिठाचा ओलावा, आणि केबलच्या आवरणात शिरलेले पाणी. गंज धरायला याहून जास्त काही लागत नाही. ट्रेलर ठेवून देताना चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. हे मला माहीत होते, तरी त्या दिवशी ठोकळे हाताशी नव्हते म्हणून मी केले नाही.

उभे करण्याची जागा दोन दिवसांत रिकामी करायची होती. ट्रेलर ओढायला गेलो तर डावे चाक फिरेना, जमिनीवर नुसते घासत निघाले. पुढे-मागे हलकेच ढकलून पाहिले, ड्रमच्या कडेवर रबरी हातोड्याने ठोकून पाहिले, काही झाले नाही. मग जागेवर येऊन दुरुस्ती करणाऱ्याची जाहिरात शोधली आणि फोन केला. घाई होती, हे कारण आहे. सबब म्हणून मी ते पुढे करत नाही. पण घाईत असलेल्या माणसाच्या आवाजातून घाई ऐकू येते आणि समोरच्याला ती बरोबर कळते.

तो आला, ट्रेलरखाली दोन मिनिटे वाकून पाहिले आणि म्हणाला की दोन्ही ड्रम गेले, लायनर सुटून आले, केबल संपल्या आणि बेअरिंगमध्ये पाणी शिरले आहे. ट्रेलर जॅकवर चढवलेला नव्हता, चाक काढलेले नव्हते, हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, टोपीसुद्धा उघडलेली नव्हती. ड्रमच्या आतली अवस्था बाहेरून सांगणारा माणूस अंदाजही करत नसतो, तो बिल तयार करत असतो. जाम झालेल्या चाकाची पहिली चाचणी अगदी साधी आहे: चाक वर उचलून त्याची केबल मधल्या समतोल पट्टीपासून, म्हणजे दोन्ही केबलना सारखा ताण देणाऱ्या पट्टीपासून, सोडवायची. चाक मोकळे झाले तर दोष पुढच्या जोडणीत किंवा हँडब्रेकमध्ये, नाही झाले तर केबल आवरणातच अडकली आहे, लायनर ड्रमला चिकटलेले आहेत किंवा शू (लायनर बसवलेल्या कमानी) उघडणारा आतला लिव्हर गंजला आहे. ही चाचणी मला ठाऊक होती. तो इतक्या ठामपणे बोलत होता की ती करून दाखवा म्हणायला मला संकोच वाटला.

आकडे सांगतो. बाजार ज्याचा त्याचा वेगळा असल्याने प्रमाणातच सांगणे योग्य. प्रत्यक्ष बिल फोनवर सांगितलेल्या रकमेच्या २८० टक्के झाले. त्यातले ६० टक्के पाना हातात घेण्याआधी घेतले आणि ४० टक्के काम संपल्यावर. बिलावर २ ड्रम, ४ ब्रेक शू, २ केबल, २ बेअरिंग संच आणि ९ तासांची मजुरी लिहिली होती. तो आल्यापासून जाईपर्यंत २ तास ४० मिनिटे झाली, आणि मजुरीचे तास विचारल्यावर एकाच कामाचे तास दोन्ही बाजूंना धरतात असे उत्तर त्याने दिले. ते मी ऐकून घेतले.

कामाच्या वेळी त्याने मला दूर उभे राहायला सांगितले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत जाते, असे कारण त्याने दिले. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की हे खोटे नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणूनच ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतात. पण मला पंधरा पावले दूर उभे करणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडावर मास्क नव्हता आणि त्याच्याजवळ ओले फडके नव्हते. मी ते पाहिले, आणि पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही. दुरुस्ती करणारा तुम्हाला दूर जायला सांगत असेल तर दूर उभे राहा, पण काम दिसेल अशा जागी, आणि त्यालाही मास्क लावायला सांगा.

आता तो क्षण सांगतो, जो आजही मला रात्री आठवतो. काम झाले म्हणून त्याने मला बोलावले. डावे चाक हाताने फिरवून दाखवले तर ते कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिले. ड्रम रुपेरी रंगात चकाकत होते. मी हँडब्रेक ओढून पाहिला आणि तो एका बोटाने, कुठेही न अडकता, शेवटच्या दात्यापर्यंत वर आला. मी म्हणालो, हा फार हलका लागतो आहे. तो म्हणाला, लायनर नवे आहेत, घासून बसले की घट्ट होईल. नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला काही अंतर चालवावे लागते, हे मी वाचलेले होते, म्हणून मला ते पटले. पण त्याचा हँडब्रेकच्या या ढिलाईशी काहीही संबंध नाही. नवे शू बसवून, शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर नीट लावला असेल तर हँडब्रेक पहिल्या काही दात्यांतच धरला पाहिजे, आणि धरल्यावर चाक हाताने हलता कामा नये. हँडब्रेक ओढून चाक फिरवून पाहायला पाच सेकंद लागली असती. त्या पाच सेकंदांऐवजी मी उरलेले ४० टक्के देण्यासाठी फोन बाहेर काढला. जुने भाग मागितले, तेव्हा ते भंगारात जातात असे सांगून त्याने खडखडणारे एक पोते गाडीत टाकले. त्या पोत्यात माझ्या ट्रेलरचे काहीही नव्हते, कारण माझ्या ट्रेलरचे काही निघालेच नव्हते.

हे मला चार दिवसांनी, एका लांब उतारावर कळले. अशा ट्रेलरचे ब्रेक ढकलण्याच्या जोरावर चालतात: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटला जातो, जोडणीतला दांडा आत सरकतो, तो मधली सळई ओढतो आणि सळईमुळे दोन्ही केबल ताणल्या जातात. त्या उतारावर दांडा आत सरकला, पण चाके अडली नाहीत, आणि होडीसकट १,३५० किलो वजन माझ्या गाडीला मागून रेटू लागले. पुढच्या वाहनापासून मी बरेच अंतर ठेवले होते म्हणूनच आज हे लिहायला बसलो आहे. गाडीत माझी मुलगी होती.

दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर ट्रेलर जॅकवर घेतला आणि खाली पाहून काही क्षण बोललाच नाही. दोन्ही केबल समतोल पट्टीतून काढून तारेने अ‍ॅक्सलला बांधलेल्या होत्या. डाव्या बाजूची केबल आवरणातच गंजून बसली होती. मूळ दोष एवढाच. पहिल्या माणसाने मागच्या पत्र्यातल्या छिद्रातून अ‍ॅडजस्टर ढिला करून, ड्रम ठोकून चाक सोडवले होते आणि पुन्हा धरू नये म्हणून ब्रेकचा संबंधच तोडला होता. हबच्या टोपीखालची, नट फिरू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन गंजलेली, जुन्या काळ्या ग्रीसमध्ये रुतलेली, म्हणजे ड्रम एकदाही उतरवला गेला नव्हता. अशा हबवर नवी स्प्लिट पिन दिसली नाही तर बेअरिंग बदलल्याचे कुणाचेही म्हणणे मान्य करू नका. रुपेरी रंग गंजावरच मारलेला होता, नखाने निघत होता. या दुसऱ्या मेकॅनिकने ४ शू आणि २ केबल खरोखर नवीन बसवल्या, बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरले, आणि त्या सगळ्याचा खर्च मी आधी दिलेल्या रकमेच्या २९ टक्के झाला.

तो खर्च करण्याआधी मात्र मी पुरावा हलू नये म्हणून ट्रेलर तसाच ठेवून तक्रारी केल्या. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. मी म्हणालो, न बसवलेल्या भागांचे पैसे घेणे आणि ब्रेक तोडून वाहन रस्त्यावर पाठवणे हा वाद कसा होईल? त्यावर त्या माणसाचा पत्ता आणा, असे उत्तर मिळाले. पत्ता माझ्याकडे असता तर मी त्यांच्याकडे कशाला गेलो असतो? बिलावर फक्त फोन नंबर होता आणि तो बंद झाला होता. तो नंबर कुणाच्या नावावर आहे हे शोधण्याचा अधिकार माझ्याजवळ नाही, त्यांच्याजवळ आहे. ग्राहक तक्रार कार्यालयानेही नोटीस पाठवायला पत्ता लागतो म्हणून मला पोलिसांकडे परत पाठवले. पैसे ज्या माध्यमातून दिले त्या कंपनीने मेकॅनिकचे लेखी मत आणि छायाचित्रे मागवली. मी १७ छायाचित्रे पाठवली. ४१ दिवसांनी उत्तर आले की व्यवहार मी स्वतः मंजूर केलेला असून ट्रेलरची स्थिती नंतरही बदललेली असू शकते. गंजलेली स्प्लिट पिन चार दिवसांत जुनी होत नाही, असे मी कळवले, त्यावर अजून उत्तर नाही.

शेवटी वाहन तपासणी विभागाकडे गेलो. अनेक देशांत ७५० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक असते, तेव्हा त्यांना तरी गांभीर्य कळेल असे वाटले. त्यांनी गांभीर्याने पाहणी केली आणि ट्रेलर रस्त्यावर आणण्यास मनाई करणारा कागद दिला, तो माझ्या नावाने. दुरुस्ती करणाऱ्याविषयी कारवाई आमच्या कक्षेत येत नाही, असे तोंडी सांगितले. इतक्या आठवड्यांच्या धावपळीत एकाच कार्यालयाने काही केले, आणि ते माझ्याविरुद्ध केले. तो मनाईचा कागद, बिल आणि दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी मत मी एकत्र जोडून पोलिसांकडे पुन्हा दिले आहे. त्याची पोच या वेळी शिक्क्यासह घेतली, कारण पहिल्या वेळी दिलेला अर्ज त्यांना सापडत नाही.

मनाई उठली आहे. हँडब्रेक आता चौथ्या दात्यावर धरतो आणि दोन्ही चाके हाताने हलत नाहीत. तक्रार प्रलंबित आहे. त्या माणसाची जाहिरात मागच्या आठवड्यात मला पुन्हा दिसली. नाव आणि नंबर वेगळे आहेत, पण रुपेरी ड्रमचे छायाचित्र माझ्याच ट्रेलरचे आहे. ते मी अर्जाला जोडायला आज घेऊन जातो आहे.