पूजो पीएक्स-१० सायकलची जुनी फ्रेम: आधी मोजा, मग सीटपोस्ट घ्या

लियोंच्या जुन्या बाजारात फ्रेम विकणाऱ्याने ‘२६.६ मिमीचा चालेल’ म्हणत सीटपोस्टही (सीट धरणारा, फ्रेममध्ये उतरणारा दांडा) गळ्यात मारला. घरी आल्यावर तो दोन बोटंसुद्धा आत जाईना, आणि ठोकायला माझा जीव होईना. व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावला: सीटट्यूब, म्हणजे सीटपोस्ट जिच्यात बसतो ती उभी नळी, बाहेरून २८ मिमी, वरची आडवी नळी २६. फ्रेंच मापच! इंग्रजी मापात २८.६ आणि २५.४ भरलं असतं. आतलं माप घेताना कडेला मोजू नका, क्लॅम्पने तोंड आवळलेलं असतं. नळीच्या तोंडाशी आवळण्यासाठी जी फट असते, तिच्या खाली मोजा. तिथे २६.४ मिळालं, म्हणजे भिंत जेमतेम ०.८ मिमी. रेनॉल्ड्स ५३१चं (पातळ, हलक्या स्टीलच्या नळ्यांचं) अर्धवट उडालेलं स्टिकर खरं बोलत होतं. २६.४चा पोस्ट ग्रीस लावून अलगद उतरला. फ्रेम अप्रतिम आहे, हलकी आणि सरळ. जरूर घ्या.